गावाचा इतिहास कोणाच्या लेखणीने?

इतिहास विसरणारा समाज इतिहास घडवू शकत नाही, हे वाक्य जयंतीच्या व्यासपीठावरून दरवर्षी ऐकू येते. टाळ्याही पडतात. पण दुसऱ्या दिवशी वही आणि पेन घेऊन वस्तीतल्या नव्वदीच्या आजीपुढे बसणारे किती निघतात? पुतळा उभा राहतो, कमान उभी राहते, डिजिटल फलक लागतात. आपल्याच वस्तीचा इतिहास मात्र कोणाच्याही कपाटात सापडत नाही. हा विषय आज मांडण्याचे कारण असे, की ज्या इंग्लंडने आपल्यावर राज्य केले, त्याच इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतील सामान्य माणसे हे काम अनेक वर्षे चिकाटीने करीत आहेत. त्यांच्याकडून काय घ्यावे आणि काय घेऊ नये, याचा विचार चळवळीने केला पाहिजे.

इंग्लंडच्या खेड्यांत ‘लोकल हिस्टरी सोसायटी’ म्हणजे स्थानिक इतिहास मंडळे असतात. त्यांत बहुधा प्राध्यापक नसतात. निवृत्त शिक्षक, पोस्टमन, नर्स, शेतकरी, गृहिणी अशी माणसे असतात. वर्षाची वर्गणी थोडी असते. महिन्यातून एकदा गावच्या सभागृहात संध्याकाळी जमायचे, एखादे व्याख्यान ऐकायचे, चहा घ्यायचा आणि कामे वाटून घ्यायची, अशी त्यांची रीत. एकजण थडग्यांवरील झिजत चाललेली अक्षरे उतरवून घेतो. दुसरी बाई घरोघरी जाऊन जुनी छायाचित्रे गोळा करते व मागच्या बाजूला नावे लिहून ठेवते. कोणी शेतांची जुनी नावे नकाशावर भरतो, तर कोणी म्हाताऱ्या माणसांचे बोलणे ध्वनिमुद्रित करतो. अशा मंडळांना एकत्र आणणारी ‘ब्रिटिश असोसिएशन फॉर लोकल हिस्टरी’ ही संस्था १९८२ साली स्थापन झाली. १९९४ पासून लॉटरीच्या उत्पन्नातील वाटा वारसा निधी म्हणून अशा कामांना मिळू लागला.

पेटीतले कागद

तिथे हे काम शक्य झाले, कारण कागद आहे. १५३८ साली राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला, की प्रत्येक चर्चने आपल्या हद्दीतील बाप्तिस्मा, लग्न व दफन यांची नोंद ठेवावी आणि ती वही कुलूपबंद पेटीत जपावी. त्यामुळे ज्याच्याजवळ गुंठाभर जमीन नव्हती, त्या मजुराचे नावही कुठेतरी लिहिले गेले. पुढे १८३६ च्या कायद्याने चर्चला द्यायच्या दशमांशाचे रूपांतर रोख रकमेत करताना गावोगावचे नकाशे तयार झाले. त्यात शेत कोणाचे आणि ते कसणारा कोण, हे दोन्ही लिहिलेले आहे. १८४१ पासूनच्या जनगणनेत माणसांची नावे घरवार मिळतात. शंभर वर्षांनी त्या वह्या लोकांना खुल्या होतात. १९२१ ची जनगणना २०२२ च्या जानेवारीत खुली झाली. १९१३ साली बेडफर्डशायर परगण्याने स्वतःचे दफ्तरखाने सुरू केले आणि मग इतर परगण्यांनी तोच कित्ता गिरवला.

पण कागद होता म्हणून गरिबांचा इतिहास आपोआप लिहिला गेला, असे मुळीच नाही. फार काळपर्यंत गावाचा इतिहास म्हणजे जमीनदाराच्या घराण्याचा, त्याच्या वाड्याचा आणि चर्चच्या मनोऱ्याचा इतिहास होता. लिहिणारेही पाद्री नाहीतर जहागीरदार. महाराणी व्हिक्टोरियाच्या नावाने १८९९ साली सुरू झालेल्या परगण्यांच्या इतिहासमालेत सुरुवातीला मुख्य भर वतने, घराणी आणि चर्च यांवरच होता. आपल्याकडील गावगाड्याच्या इतिहासात पाटील, कुलकर्णी आणि देशमुख यांची वंशावळ असते व वेशीबाहेरचा माणूस ‘बलुतेदार’ या एका शब्दात उरकला जातो, तसाच हा प्रकार.

ही चौकट मोडली ती विसाव्या शतकाच्या मध्यात. १९४८ साली लेस्टर येथे स्थानिक इतिहासाचा स्वतंत्र विभाग निघाला. त्याचे प्रमुख डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५५ च्या ग्रंथात दाखवून दिले, की कुंपण, पायवाट आणि बांध हेसुद्धा पुरावेच आहेत. जॉर्ज इवर्ट इव्हान्स हे लेखक सफोकमधील ब्लॅक्सहॉल या खेड्यात राहत होते. त्यांनी शेजारच्या म्हाताऱ्या शेतमजुरांना बोलते केले आणि १९५६ साली त्यांच्या आठवणींचे पुस्तक काढले. ज्याला अक्षर येत नव्हते त्याचे ज्ञान ग्रंथात आले. पुढे राफेल सॅम्युएल यांनी ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजात शिकणाऱ्या कामगारांना सांगितले, की आपला इतिहास आपणच लिहा. कामगाराने इतिहासाचा विषय होऊन न थांबता इतिहासकार व्हायचे, ही ती भूमिका. आंबेडकरी चळवळीला ही भूमिका परकी वाटण्याचे कारण नाही.

खांद्यावरचे अक्षर

या मंडळांनी आणि संशोधकांनी पेट्या उघडल्या तेव्हा बाहेर काय आले? कॅलेंडरवरच्या चित्रातले टुमदार खेडे नव्हे. १६०१ च्या कायद्याने गरिबांना पोसण्याची जबाबदारी गावावर टाकली. मग १६६२ च्या कायद्याने गावाला परक्या गरिबाला हद्दीबाहेर हाकलण्याचा अधिकार दिला. गरोदर स्त्री जर परगावची असेल तर तिचे मूल आपल्या हद्दीत जन्मू नये, म्हणून तिला घाईघाईने वेशीपार केले जाई. १६९७ च्या कायद्याने तर मदत घेणाऱ्या गरिबाने उजव्या खांद्यावर लाल किंवा निळ्या कापडाचे ‘पी’ हे अक्षर शिवून घेतले पाहिजे, असा दंडक घातला. हा कायदा १८१० साली रद्द झाला.

वाचकहो, माणसाच्या अंगावर त्याच्या हीनतेची खूण लावण्याचा हा प्रकार वाचताना आपल्याला गळ्यातले मडके आणि कमरेचा फडा आठवल्याशिवाय राहणार नाही. पण साम्य दाखवताना फरकही दाखवला पाहिजे. खांद्यावरचे ते अक्षर दारिद्र्याची खूण होते. मदत थांबली की ते काढता येत होते. त्या मजुराच्या सावलीने कोणी बाटत नव्हते. शहरात गेला, दोन पैसे मिळवले, तर त्याचा नातू सन्मानाने त्याच चर्चमध्ये बसू शकत होता. आपल्याकडे खूण अंगावर नव्हे, तर जन्मावर मारली होती. वर्ग आणि जात यांतला हा भेद बाबासाहेबांनी आपल्याला शिकवला आहे. इंग्लंडच्या गरिबीला जातिव्यवस्था म्हणणारे आणि जातिव्यवस्थेला नुसती गरिबी म्हणणारे, दोघेही आपली फसवणूक करतात.

तरीही माणसामाणसांत भेद तिथेही होता. वॉरिकशायरमधील बारफर्ड गावच्या जोसेफ आर्च याचेच पाहा. त्याचा जन्म १८२६ चा. लहानपणी चर्चच्या दाराच्या किल्लीच्या भोकातून त्याने आत पाहिले. प्रभूभोजनाच्या विधीसाठी आधी जमीनदार पुढे गेला, मग मोठे शेतकरी, मग दुकानदार, मग कारागीर आणि सर्वांत शेवटी, एकटे वेगळे, शेतमजूर. त्यात त्याचा बाप होता. त्या पोराच्या मनात जी ठिणगी पडली ती विझली नाही. १८७२ च्या फेब्रुवारीत वेल्सबोर्न येथे चेस्टनटच्या झाडाखाली त्याने शेतमजुरांची सभा घेतली. त्याच वर्षी त्यांची देशव्यापी संघटना उभी राहिली. १८८५ साली हा शेतमजूर पार्लमेंटात निवडून गेला. स्वतःचे चरित्र त्याने स्वतः लिहून ठेवले म्हणून किल्लीच्या भोकातले ते दृश्य आज आपल्याला कळते. लिहिले नसते तर चर्चच्या वहीत एवढेच उरले असते, की अमुक रविवारी विधी यथासांग पार पडला.

सात शिलिंगांची गोष्ट

डॉर्सेट परगण्यातील टॉलपडल हे छोटे गाव. १८३० नंतर तिथल्या शेतमजुरांची मजुरी आठवड्याला नऊ शिलिंगांवरून सातवर आली आणि पुढे सहावर आणण्याची भाषा सुरू झाली. जॉर्ज लव्हलेस या मजुराने सोबत्यांना घेऊन संघटना बांधली. संघटना करणे तेव्हा गुन्हा नव्हता. म्हणून जमीनदार मॅजिस्ट्रेटने गुप्त शपथ घेतल्याचा आरोप काढला आणि त्यासाठी आरमारातील बंड मोडण्यासाठी केलेला १७९७ चा कायदा वापरला. १८३४ च्या मार्चमध्ये सहा मजुरांना सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा होऊन ऑस्ट्रेलियाला पाठवण्यात आले. लंडनमध्ये प्रचंड मोर्चा निघाला, सह्यांच्या मोहिमा झाल्या आणि १८३६ साली सरकारला माफी द्यावी लागली.

परतल्यावर सहापैकी पाचजण पुढे कॅनडात स्थायिक झाले. तिथे आपल्या शिक्षेची गोष्ट त्यांनी फारशी कोणाला कळू दिली नाही, असे सांगतात. लढलेला माणूससुद्धा नव्या गावात जुनी ओळख लपवतो, हे शहरांतील आपल्या कॉलन्यांना वेगळे सांगायला नको. सहावा जेम्स हॅमेट टॉलपडललाच राहिला आणि १८९१ साली डॉर्चेस्टरच्या अनाथगृहवजा ‘वर्कहाऊस’मध्ये वारला. त्याच्या थडग्यावर दगड बसला तो १९३४ मध्ये, शिक्षेच्या शताब्दीला. त्याच वर्षी कामगार संघटनांच्या काँग्रेसने त्या गावात निवृत्त शेतमजुरांसाठी सहा घरे बांधली. तेथेच आज संग्रहालय आहे. दर जुलैमध्ये तिथे कामगारांचा मेळा भरतो, बॅनर घेऊन मिरवणूक निघते. या मजुरांचे १८१८ सालचे छोटे प्रार्थनाघर पुढे शेतीचे सामान ठेवण्याची खोपी बनले होते. लोकांनी ट्रस्ट करून ती वास्तू विकत घेतली आणि वाचवली.

ज्या गावच्या जमीनदाराने त्यांना गुन्हेगार ठरवले, त्या गावाची ओळख आज त्या मजुरांवरून आहे. ही किमया लढ्याची आहेच, पण लढ्याची आठवण जपणाऱ्यांचीही आहे.

एक विहीर

ऑक्सफर्डशायरमध्ये स्टोक रो नावाचे खेडे आहे. तिथे पाण्याचे फार हाल. एडवर्ड रीड हा उत्तर हिंदुस्थानात नोकरी केलेला इंग्रज अधिकारी त्याच भागातला. आपल्या गावाकडे एका पोराने घरातले शेवटचे पाणी प्यायल्याबद्दल मार खाल्ला, ही हकीकत त्याने बनारसच्या महाराजाला सांगितली होती. महाराजाने पैसे दिले. माणसांच्या हातांनी ३६८ फूट खोल विहीर खोदली गेली आणि १८६४ च्या मे महिन्यात ती लोकांना खुली झाली. घुमटाखाली सोनेरी हत्ती, शेजारी राखणदाराचे छोटे घर. पाणी सर्वांना फुकट. गावात नळ येईपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या लोक ते प्याले. आज गावचा ट्रस्ट ती विहीर जपतो आणि येणाऱ्याला तिची कथा सांगतो.

ही कथा तिथे औदार्याची म्हणून सांगितली जाते आणि ती औदार्याची आहेही. पण आम्ही ती वाचतो तेव्हा आणखी एक प्रश्न विचारतो. १८६४ साली बनारसच्या पैशाने इंग्लंडमधील कोणाही गोऱ्याला, कोणाही ख्रिश्चनाला जात न विचारता पाणी मिळाले. त्याच काळात बनारसच्या मुलखातील अस्पृश्याला सवर्णांच्या विहिरीवर पोहरा टाकता येत होता काय? स्टोक रोची विहीर खुली झाल्यावर सुमारे त्रेसष्ट वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायला बाबासाहेबांना हजारो माणसांचा सत्याग्रह करावा लागला आणि त्याबद्दल डोकी फुटली. एकाच विहिरीच्या इतिहासाला दोन बाजू असतात. दुसरी बाजू मांडणारा माणूस सभागृहात हजर असला तरच ती नोंदली जाते.

झाकलेली पाने

इंग्लंडच्या या मंडळांची मर्यादाही इथेच दिसते. गावचा भव्य वाडा कोणत्या पैशाने उभा राहिला, हे विचारायला अनेकांना संकोच वाटतो. गुलामगिरी रद्द करताना ब्रिटिश सरकारने दोन कोटी पौंडांची भरपाई दिली, ती गुलामांना नव्हे, मालकांना. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने या भरपाईच्या नोंदी २०१३ मध्ये खुल्या केल्या, तेव्हा अनेक खेड्यांतील प्रतिष्ठित घराण्यांची नावे त्यात निघाली. २०२० साली ‘नॅशनल ट्रस्ट’ने आपल्या ताब्यातील ९३ वास्तूंचा वसाहती व गुलामगिरी यांच्याशी असलेला संबंध जाहीर केला, तेव्हा मोठा गहजब झाला. वारसा जपा, पण डाग दाखवू नका, असे म्हणणारे तिथेही आहेत. आपल्याकडे तर त्यांचीच बहुसंख्या आहे.

आणि खेड्याचे गोडवे गाण्याचा हा रोग आपल्याला इंग्रजांकडूनही लागला आहे. चार्ल्स मेटकाफ या अधिकाऱ्याने १८३० साली हिंदुस्थानातील खेड्यांना छोटी स्वयंपूर्ण गणराज्ये म्हटले. आमच्या राष्ट्रवाद्यांनी ते मस्तकी धरले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी त्याच मेटकाफचा उल्लेख करून खेड्याच्या या उदात्तीकरणावर घणाघात केला. संविधानाचा घटक गाव नसून व्यक्ती आहे, याचे त्यांनी समाधान व्यक्त केले. ज्या गणराज्यात आमची जागा वेशीबाहेर होती, त्या गणराज्याचा गौरव आम्ही कोणत्या तोंडाने करायचा?

यावर कोणी म्हणेल, की मग गावाचा इतिहास कशाला उकरायचा? बाबासाहेबांनी गाव सोडा असे सांगितले, आम्ही सोडले. आम्ही नम्रपणे सांगतो, की गाव सोडणे वेगळे आणि गावाने काय केले ते विसरणे वेगळे. आपण विसरलो की त्यांना नाकारणे सोपे जाते. ‘आमच्या गावात तसे काही नव्हते, सगळे गुण्यागोविंदाने राहत होते’ हे वाक्य आज कानावर येतेच. त्याला उत्तर भाषणाने देता येत नाही, पुराव्याने देता येते. २०२० च्या डिसेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच आहे. परंतु पाटी उतरवण्यापूर्वी ती पाटी कुठे होती, वस्ती नदीच्या कोणत्या बाजूला होती, पाणवठा कोणता होता, हे कोणी लिहून ठेवले काय? नाव पुसायचे, पण साक्ष पुसायची नाही, ही काळजी आपणच घ्यायची आहे.

आपल्या वस्तीची वही

आपल्याकडे कागद नाही, ही समजूतही अर्धीच खरी आहे. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा द्या, असे जातीच्या दाखल्यासाठी सांगितले जाते तेव्हा आपले लोक तहसीलच्या दफ्तरातून कोतवाल बुकाची नक्कल काढतात, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आणतात. काम झाले की तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत जातो. वास्तविक तोच आपल्या वस्तीच्या इतिहासाचे पहिले पान आहे. महार वतनाच्या सनदा, १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात आणलेल्या वतन बिलावेळच्या गावोगावच्या सभा, १९५८ च्या कायद्याने वतने खालसा झाल्यावर त्या जमिनींचे काय झाले, कोणी बळकावल्या, याचे फेरफार आजही तलाठ्याकडे मिळतात. ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘जनता’ यांत गावांच्या नावानिशी बातम्या आहेत. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी चळवळ वाड्यावस्त्यांवर नेली. त्या जलशांच्या गाण्यांच्या वह्या कोणाच्या तरी ट्रंकेत पडल्या असतील. कोरेगावच्या विजयस्तंभावर ‘नाक’ हे पद शेवटी असलेली नावे कोरलेली आहेत. पहिल्या महायुद्धाच्या शताब्दीत, २०१४ ते २०१८ या काळात, इंग्लंडच्या मंडळांनी आपल्या गावच्या स्मारकावरील एकेका शिपायाचे घर व नातलग शोधून काढले. स्तंभावरील एकेका नावाचे गाव शोधण्याचे काम आपल्या किती विहारांनी हाती घेतले आहे?

हे होऊ शकते याची उदाहरणे आपल्याच घरात आहेत. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या व १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्या गेल्या नसत्या तर त्या स्त्रियांची नावे त्यांच्याबरोबरच गेली असती. वसंत मून यांनी नागपूरच्या एका वस्तीचे चरित्र लिहिले. लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड हे घर बघा. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहिले. इंग्लंडमधील आंबेडकरी संघटनांनी पाठपुरावा केला म्हणून २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घेतले. तिथल्या नगरपालिकेने संग्रहालयाला परवानगी नाकारली, चौकशी बसली आणि २०२० च्या मार्चमध्ये परवानगी मिळाली. एका गल्लीतले एक घर वाचवायला एवढी झुंज द्यावी लागली. मग ज्या वस्त्यांत बाबासाहेब सभेला आले, जिथे थांबले, जेवले, त्या घरांचे काय?

म्हणून आमची सूचना साधी आहे. त्यासाठी अनुदान लागत नाही, ठराव लागत नाही. प्रत्येक विहारात एक वही ठेवा. रविवारच्या वंदनेनंतर एक तास द्या. पहिल्या महिन्यात वस्तीतील ऐंशीच्या वरच्या सर्व माणसांची यादी करा आणि मोबाईलवर त्यांचे बोलणे मुद्रित करा. तारीख, गाव व नाव सांगूनच सुरुवात करा, नाहीतर पुढे आवाज कोणाचा ते कळणार नाही. जुन्या छायाचित्रांच्या मागे पेन्सिलीने नावे लिहा. १९५६ ची दीक्षा कोणी कुठे घेतली, घरातले देव कोणी व कुठे बुडवले, मेलेले ढोर ओढणे आपल्या गावात कोणत्या साली बंद झाले आणि त्यावर गावाने बहिष्कार टाकला काय, हे विचारा. मातंग, चर्मकार, भटके, आदिवासी यांच्या वस्त्यांतही जा, कारण वेशीबाहेर आपण एकटे नव्हतो. मुलींना या कामात पुढे करा. आजी नातीजवळ जे सांगते ते सभेत सांगत नाही. नोंदीच्या तीन प्रती काढा आणि तीन वेगळ्या ठिकाणी ठेवा, म्हणजे एक पुरात गेली तरी दोन राहतील. आणि जे अडचणीचे आहे तेही लिहा. आपसातली भांडणे, फुटलेले गट, समाजमंदिराच्या हिशेबावरून झालेले वाद, सगळे. झाकलेली पाने इंग्रजांची वाईट आणि आपली चांगली, असे होत नाही.

महाडला गेलेली पिढी संपली. नाशिकच्या सत्याग्रहातली संपली. नागपूरच्या दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जो दहा वर्षांचा होता, तो आज ऐंशीच्या घरात आहे. त्याच्याजवळ अजून आवाज आहे, आपल्याजवळ अजून वेळ आहे. दोन्ही फार दिवस पुरणारे नाहीत. येत्या रविवारी वही उघडा.

जय भीम!